डबा बंद करणारा माणूस

सुचित्राच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती तिथेच बिऱ्हाड करायची. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त घातली, तर हिची नजर वजनकाट्यावर. शेजारीण नेहमीपेक्षा गोड बोलली, तर ही दाराची कडी दोनदा बघणार. आणि देवाने अशा बाईला नोकरीही अशी दिली होती की संशय हा तिचा गुणच ठरावा.

शिवडीला गोदामांच्या रांगेत, बंदराच्या भिंतीला पाठ लावून एक वर्कशॉप आहे. नौदलाच्या जहाजांवरचे लाइफराफ्ट तिथे तपासणीला येतात. राफ्ट म्हणजे पांढऱ्या फायबरच्या डब्यात घडी घालून ठेवलेला रबरी तराफा. जहाज बुडायला लागलं की डबा पाण्यात टाकायचा, दोरीला हिसका द्यायचा, की गॅस सुटतो आणि तराफा फुगून वर येतो. त्यात पाण्याची पाकिटं, कोरडी बिस्किटं, टॉर्च, सुरी, शिट्टी असं सगळं बांधलेलं असतं. डबा एकदा बंद झाला की पुढच्या तपासणीपर्यंत आत कोणी डोकावत नाही. वेळ आलीच, तर डोकावणारा माणूस मरणाच्या दारात उभा असतो.

या राफ्टवर कोणती कामं करायची, कशाच्या मागून काय करायचं आणि कोणाच्या हाताने करायचं, हे सुचित्रा ठरवायची. पूर्वी तिथे एक राफ्ट एका जोडीला मिळायचा. उघडण्यापासून डबा बंद करण्यापर्यंत तीच दोन माणसं. मग एकदा एक राफ्ट उघडला, तर आत बिस्किटं कमी आणि टॉर्चमध्ये सेल नाहीत. माल जहाजावर चोरीला गेला की मागच्या खेपेला इथूनच, याचा पत्ता लागला नाही. पत्ता लागला नाही म्हणजे प्रत्येकाचा लागला, असा सुचित्राचा हिशेब. तिने जोड्या मोडल्या. ‘राफ्ट तपासणे’ हे एक काम नव्हेच, असं तिने मॅनेजर हितेंद्रसरांना ऐकवलं. हवा भरून दाब बघणं हे एक काम, गॅसचं नळकांडं तोलणं हे दुसरं, सामान मोजणं तिसरं, घडी चौथं, डबा बंद करणं पाचवं. आणि कुठलीही दोन कामं एकाच माणसाकडे लागोपाठ द्यायची नाहीत. कोणाला काय मिळणार हे त्या दिवशी सकाळी ती स्वतः सांगणार, आदल्या दिवशी कोणालाही कळता कामा नये.

हितेंद्रसर दादरचे, शांत गृहस्थ. “मॅडम, चांगलं आहे,” ते म्हणाले. “फक्त माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी राहायला लागली नाहीत म्हणजे मिळवली.”

माणसं तशी उभी राहायला लागलीच होती. घडी घालणारी ललिता पूर्वी काम करताना गाणं गुणगुणायची, ती आता वर सुचित्राच्या काचेच्या केबिनकडे बघून घडी घालायची. सुचित्राला वाटलं, शिस्त आली.

हे सगळं तिने नुसत्या नोकरीसाठी केलं असतं तर तिचं डोकं इतकं तापलं नसतं. पण तिचा एकुलता एक मुलगा, राहुल, नौदलात होता. गेल्या वर्षी जहाजावर रुजू झाला. तेव्हापासून तिला प्रत्येक डब्यात तोच बसलेला दिसायचा. कोणाच्या आळसाने, कोणाच्या चोरट्या हाताने आपल्या पोराच्या तोंडचा घास जाईल, या भीतीने ती रात्री उठून बसायची. आईच्या काळजीला कोण नावं ठेवणार? पण ही काळजी हातात काठी घेऊन फिरत होती, हे बाजूच्यांना दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं.

लालबागच्या चाळीत ती आणि तिची सासू अंबिका, दोघीच. नवरा मस्कतला नोकरीला. रोज संध्याकाळी पाटावर बसलं की सुचित्राचं सुरू व्हायचं. आज अमक्याने मोजताना दोनदा मागे वळून बघितलं, तमका खिशात हात घालूनच फिरतो. “आई, तुम्हाला सांगते, तिकडे एकही माणूस भरवशाचा नाही. सगळे चोर भरलेत. जहाजावरच्या पोरांच्या तोंडातलं काढून खातील.” अंबिका ताटातला भात कालवत ऐकायची. म्हातारी बोलायची कमी, पण ऐकलेलं विसरायची नाही.

आणि एका संध्याकाळी, ज्याची वाच्यता करायची नाही अशी शपथ सुचित्राने स्वतः घेतली होती, तेच तिच्या तोंडून आमटीबरोबर वाढलं गेलं. “आई, राहुलच्या जहाजाचे राफ्ट आलेत आमच्याकडे. एका डब्याचा कोपरा जरा फुटलाय, पण बाकी छान आहेत.” बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. मग मनाशी म्हणाली, घरातच तर बोलले. सासू काय शत्रूला जाऊन सांगणार आहे?

वर्कशॉपमध्ये कुठल्याही राफ्टवर जहाजाचं नाव नसतं, नुसता आकडा. कुठला आकडा कुठल्या जहाजाचा, हे फक्त तिला आणि हितेंद्रसरांना ठाऊक.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी सीतारामला त्या फुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवताना बघून तिच्या अंगावर काटा आला.

सीताराम त्यांच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायचा. सावंतवाडीकडचा, अंबिकेच्या गावचाच. बाप गिरणीत होता, हा गिरणी बंद पडल्यावर बंदराकडे वळला. डबा बंद करण्यात त्याचा हात बसलेला. निवृत्ती जवळ आलेली. चाळीत तो तिला ‘वैनी’ म्हणायचा आणि वर्कशॉपमध्ये ‘मॅडम’, आणि दोन्ही ठिकाणी नजर खाली ठेवूनच. आता नजर खाली ठेवणारा माणूस लाजाळू असतो की लबाड, हे ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. सुचित्राने ठरवून टाकलं होतं.

इतके डबे ओळीने मांडलेले असताना हा नेमका त्याच डब्यापाशी का थांबला? कोपरा चाचपून, मान हलवून का गेला? तिने जिन्यावरून उतरून विचारलं असतं तर दोन वाक्यांत निकाल लागला असता. पण विचारलं की चोर सावध होतो, असं तिचं मत. ती काचेमागून बघत राहिली.

त्या संध्याकाळी ती चाळीत शिरली, तर गॅलरीत सीताराम आणि अंबिका काहीतरी कुजबुजत होते. हिची चप्पल वाजली आणि दोघंही गप्प. सीताराम “येतंय काकी” म्हणून वर सटकला.

“काय म्हणत होता?” सुचित्राने विचारलं.

“काय नाय गो. गावच्या जत्रेचा बोलत होतो,” अंबिका म्हणाली आणि आत जाऊन देवापुढे उगाच वात सारखी करत बसली.

जत्रा अजून लांब होती. हा माझ्या सासूकडून काहीतरी काढून घेतोय, सुचित्राला वाटलं. माझ्या वेळा विचारत असेल. मी केबिनमध्ये कधी नसते, सुट्टी कधी घेते. म्हातारी भोळी, सांगेल सगळं. तिने रात्री पाणी पिताना सासूकडेही जरा निरखून बघितलं, इतकी मजल गेली.

पुढचे काही दिवस तिने सीतारामच्या पिशवीवर नजर ठेवली. सकाळी येताना पिशवी फुगलेली, संध्याकाळी जाताना सपाट. चोराची पिशवी उलटी असायला हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण संशयाला एवढं गणित जमत नाही. तिने स्वतःची समजूत घातली, दुपारची भाकरी खाऊन संपवतो म्हणून सपाट. माल अंगावर लपवून नेत असणार. एका सकाळी तर त्याने ललिताला विचारलेलं तिने ऐकलं, “आज क्लोजिंग कोणाक देतीत गो? माका मिळात काय?” आणि ललिता म्हणाली, “ते वरच्या देवीला विचार.”

वरच्या देवीने त्या रात्री निर्णय घेतला. फुटक्या कोपऱ्याचा डबा बंद करायचं काम सीतारामलाच द्यायचं. मुलाच्या जहाजाचा राफ्ट तिने गळाला लावला. मनाला विचारलं नाही असं नाही, पण मनाने उत्तर दिलं की पकडला तर राहुलचंच भलं. शिवाय डबा आपण लगेच उघडणारच आहोत.

सकाळी तिने कामं वाटली. ललिता घडी. सीताराम बंद करणे. नाव ऐकताच सीतारामने चटकन वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता का सुटका होती, तिला कळेना, पण दोन्हीही बरी लक्षणं नव्हेत असं तिने धरलं.

दुपारी नौदलाचे तपासणीवाले येणार होते, त्याआधी डबा बंद व्हायचा होता. ललिता घडी घालून हात पुसत बाजूला झाली. सीताराम एकटा राहिला. त्याने आधी दाराकडे बघितलं, मग ललिताकडे. काचेकडे मात्र बघितलं नाही, कारण काचेवर सुचित्राने मुद्दाम पडदा ओढून फट ठेवली होती. त्याचा हात शर्टाच्या आत गेला, मग डब्यात, कोपरापर्यंत. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. हात बाहेर आला, झाकण बसलं, पट्टा आवळला गेला.

“थांबा!” सुचित्रा जिना उतरत ओरडली. “कोणी हात लावायचा नाही. सर! सर, बाहेर या!”

हितेंद्रसर आले, ललिता आली, बाकीची माणसं हातातलं टाकून जमली. सुचित्राने सीतारामकडे बोट दाखवलं. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आत हात घालून यांनी काहीतरी काढलंय. डबा उघडा. आणि यांचे खिसे बघा.”

सीतारामचा चेहरा पांढरा पडला. “मी काय काढलेलं नाही मॅडम.”

“मग घाबरताय कशाला?”

खिसे बघितले. चाळीची किल्ली, तंबाखूची डबी, रुमाल. ललिता मान फिरवून उभी राहिली. एवढी वर्षं बाजूला काम केलेल्या माणसाचे खिसे उलटे झालेले बघवत नाहीत. मग डबा उघडला. सामानाची पिशवी बाहेर काढून हितेंद्रसरांनी सगळ्यांसमोर मोजली. पाणी पूर्ण. बिस्किटं पूर्ण. टॉर्च पेटत होता. सुरी, शिट्टी, आरसा, काही म्हणता काही कमी नव्हतं.

“मॅडम,” सर हळूच म्हणाले, “सगळं आहे.”

“घडी उलगडा,” सुचित्रा म्हणाली. आता माघार घेणं तिला शक्य नव्हतं.

ललिताने घडी उलगडली. दुसऱ्या पदरात रबराला चिकटून एक पुरचुंडी होती. पिवळ्या फुलांच्या कापडाची, मुठीएवढी, घट्ट.

सुचित्राने ती उघडायच्या आधीच ओळखली. तो तिच्या स्वयंपाकघराचा पडदा होता. गेल्या दिवाळीत तिनेच काढून टाकला आणि अंबिकेने ‘टाकतंस कित्याक, कापड चांगला असा’ म्हणून तुकडे करून ठेवला. आणि टोकं आत खोचलेली ती गाठ अख्ख्या चाळीत एकच म्हातारी मारत होती.

सरांनी गाठ सोडली. आत खटखटे लाडू. शेवेचे, गुळातले, मालवणी घरात महिनोन्महिने टिकणारे.

“हे काय आहे, सीताराम?” हितेंद्रसरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “राफ्टच्या घडीत लाडू? अहो, जहाज हलतं, डबा हलतो. ही गाठ रबराला घासत राहिली असती तर भोक पडलं असतं. वर गुळाचा वास. जहाजावर उंदीर नसतात का? तुम्हाला एवढ्या वर्षांनी मी काय शिकवायचं?”

“चूक झाली साहेब.”

“आणखी किती डब्यांत ठेवलंय?”

“नाय साहेब, शप्पथ. फक्त ह्यातच.”

“ह्यातच का? हा कोणाचा राफ्ट आहे, तुम्हाला काय माहीत? कोणी सांगितलं?”

सगळे सीतारामकडे बघत होते आणि तो जमिनीकडे. मग तो म्हणाला, “कोणी सांगितलं नाही. माझ्या घरचे लाडू आहेत. माझीच चूक.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी सुचित्राला हायसं वाटलं. एवढी लाज तिला आयुष्यात पुन्हा वाटली नाही, पण आधी हायसं वाटलं. सीतारामवर निभावत होतं. तिने तोंड उघडलं नसतं तर तिची खुर्ची शाबूत, शपथ शाबूत, आणि संशयही खरा ठरलेला. सर फोनवर हात ठेवून म्हणत होते, “मला हे वर कळवावं लागेल. एन्क्वायरी होईल. निवृत्तीच्या तोंडावर हे काय करून ठेवलंत?”

सीतारामने उलटे झालेले खिसे अजून आत ढकलले नव्हते. ती पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती. सुचित्राला ती बघवेनात.

“सर,” ती म्हणाली. त्यांचा फोनवरचा हात थांबला, तशी पुढे म्हणाली, “सर, ती पुरचुंडी माझ्या घरची आहे. तो पडदा माझा आहे. राफ्ट कोणत्या जहाजाचा, ते मी घरी बोलले. कोपरा फुटलाय हेसुद्धा मीच बोलले. हे लाडू माझ्या सासूने दिलेत.”

ललिताने तिच्याकडे असं बघितलं की सुचित्राने पदर सावरून घेतला. सीताराम मात्र घाईघाईने म्हणाला, “वैनी, कशाक सांगलात?” आणि घाईत तो वर्कशॉपमध्ये ‘मॅडम’ म्हणायचं विसरला.

तपासणीवाल्यांना सरांनी खरं तेच सांगितलं. राफ्ट पुन्हा सुरुवातीपासून तपासायचा ठरला. सीतारामने आधी बंद केलेले बाकीचे डबेही उघडले, कशातच काही सापडलं नाही. चौकशी होईपर्यंत सीतारामने डब्याला हात लावायचा नाही आणि सुचित्राने कामं वाटायची नाहीत, असं सर म्हणाले. उद्यापासून ती नुसती बसून राहणार होती. तिने मान हलवली. वाद घालायला तिच्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी लालबागच्या रस्त्याने दोघं थोडं अंतर ठेवून चालत होते. पुरचुंडी सुचित्राच्या पर्समध्ये. मार्केटपाशी ती थांबली.

“सीतारामभाऊ, म्हातारीने दिलं म्हणून घेतलंत, ठीक. फेकून द्यायचं आणि ठेवलं म्हणून सांगायचं. तिला कुठे कळणार होतं?”

“गावच्या रवळनाथाची आण घातल्यान काकीनं. नारळावर हात ठेवूक लावल्यान.” सीताराम हे असं बोलला की यापुढे विचारण्यासारखं काही उरतच नाही. “चार दिवस सकाळी पिशवीत आणलंय आणि सांजेक शर्टात लपवून घराक नेलंय. रोज काकीक परत देतंय म्हणतंय आणि रोज आण आठवता.”

“मला सांगायचं होतंत.”

सीताराम पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही विचारत नाही, वैनी. वरून बघता.”

घरी अंबिका दारातच बसली होती. सुचित्राने पर्समधून पुरचुंडी काढून तिच्यापुढे ठेवली. म्हातारीने आधी तीच चाचपली, लाडू मोजून बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

“परत कित्याक आणलंस?”

“आई, या लाडवांनी राफ्टला भोक पडलं असतं. तुमचा नातू बुडाला असता. कळतंय का तुम्हाला?” सुचित्रा ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागली. “सीतारामभाऊंची नोकरी जाणार होती. मी त्यांचे खिसे बघायला लावले सगळ्यांसमोर. चोर म्हटलं त्यांना. तुम्ही हे का केलंत? त्या राफ्टमध्ये खायला असतं, पाणी असतं. सगळं भरून देतो आम्ही.”

अंबिका तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. सून असं का विचारते हेच तिला कळत नव्हतं.

“तूच रोज सांगतंस मगे,” ती म्हणाली. “थंय सगळे चोर भरलेत म्हणान. पोरांच्या तोंडातला काढून खातत म्हणान. माझ्या नातवाच्या वाटणीचा कोणी खाल्ल्यान तर तो थंय दर्यात काय खातलो? म्हणान दिलंय.” तिने पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली, टोकं नेहमीसारखी आत खोचली. “तुझ्या त्या सगळ्या माणसांत सीताराम एकटो माका भरवशाचो गावलो.”

वरच्या मजल्यावर सीतारामच्या दाराची कडी वाजली. सुचित्रा उठली, डोळे पुसले आणि जिन्याकडे निघाली. काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं.